भरतीच्या पाण्यातला पाट

अगं, अशी दारात काय उभी? आल्या आल्या जायची भाषा! ये, जवळ बस आणि ऐक.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीला आमच्या दिघीच्या घरी खाडी जेवायला आली. न बोलावता!

झालं असं, की भटजी मूर्तीची प्रतिष्ठा करून होडीने आगरदांड्याला परतले आणि दुपारच्या भरतीला मागचा बांध फुटला. पाणी थेट माजघरात! मूर्ती मातीची, पाट चार बोटं उंच, आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय देव हलवायचा नाही. ती पूजा सांगणारे भटजी खाडीपलीकडे!

यजमान पुढच्या दाराने पाणी उपसू लागले, धाकटे भाऊजी मागच्या. (एकाने फेकलेलं पाणी घराला वळसा घालून दुसऱ्याकडे!)

सासूबाई कडाडल्या, "अरं, दर्या उपसताय काय? देवाचं बघा!"

"मग उचलू या?" मी म्हटलं.

"देव हलवतेस? म्हायेरी हेच शिकलीस?"

मामंजी मात्र विचारात पडले. "पाटासकट जाग्यावरच वर धरू. भरतीला होडी वर चढते, म्हून ती बंदर सोडते काय?"

यावर सासूबाई चक्क 'बरं' म्हणाल्या. (असं एकदाच झालं!)

झालं! पाटाचे चार कोपरे आणि आम्ही चौघं. पाणी गुडघ्याला. सासूबाई उंबऱ्यावर उभ्या, कमरेवर हात ठेवून, "डावीकडं कललाय! सूनबाई, दूर्वा पडतील!" त्यातच आरतीची वेळ झाली. टाळ्यांना हात कुणाचे मोकळे? आम्ही माना डोलावल्या.

आणि माझ्या पायाच्या अंगठ्याला चिंबोरीने नांगीत धरलं!

"आई गं!"

"वयनी, हलू नका!"

"मी न्हाय हलत, ती हालवते!"

सारवलेल्या जमिनीचा झाला होता चिखल. पाय सटकला, भाऊजींनी माझा कोपरा झेलला, आणि मी बदकन पाण्यात बसले, गळ्यापर्यंत!

सासूबाईंनी आधी मूर्ती निरखली. "देव सुका हाय."

मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हात देतील.

"व्हय," मामंजी म्हणाले, "पन सूनबाईचं इसर्जन झालं!"

आणि दोन्ही हातांत दोन कोपरे धरलेले भाऊजी, सवयीने, खणखणीत ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!"

तू मात्र वर्षभर थांबू नकोस गं, लवकर ये. माझं विसर्जन एकदा झालंय. या वयात दुसऱ्याला कितीसा अवकाश?