डिझेल वाचवणारा पंखा

होडीत बसताना पाण्याखालचा पंखा कोणी बघतं का? मीही बघत नव्हतो, आज सकाळपर्यंत.

तुडीलला आमच्या दादाची इंजिनाची होडी आहे. डिझेल वाचावं म्हणून त्याने आज जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात होडीला जास्त पुढे ढकलणारा पंखा बसवला. भरती लागताच आम्ही दोघंच रिकामी होडी घेऊन खाडीतून वर गेलो. डिझेल निम्मंच लागलं. दादा खूश!

येताना बारा माणसं घेतली. भरती अजून चढतच होती. मध्येच इंजिन घुसमटलं, काळा धूर ओकायला लागलं. काठावरचं आंब्याचं झाड मागे पडेना, उलट पुढे सरकायला लागलं. म्हणजे आम्ही मागे चाललो होतो. काठावर ऊन खात पडलेली मगर सावकाश पाण्यात उतरली.

बांबूने रेटत कसेबसे धक्क्याला लागलो. तिथे जन्मभर होडी चालवलेले धोंडूकाका उभे होते. "भरतीच्या पाठीवर बसून पंखा पारखतात काय रे? वझं भरून, पाण्याच्या उलट बघायचा!"

दादा म्हणतो, "पण डिझेल वाचतंय ना!" पंखा बदलायला तो तयार नाय.

उद्या त्याच होडीतून, भरतीच्या उलट, लग्नाचं वऱ्हाड जाणार आहे.

तुमच्यातलं कोण कोण आहे त्यात?