बारावीनंतरचा कौल

परवा आमच्या शाळेने मला करिअर मार्गदर्शन शिबिराला पाहुणी म्हणून बोलावलं. ज्या शाळेत मला 'मुलींनी निदान वह्या तरी नीटनेटक्या ठेवाव्यात' एवढंच मार्गदर्शन मिळालं होतं, तिने आता शाल-श्रीफळ देऊन मला मंचावर बसवायचं ठरवलं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझी फ्रिज, एसी आणि बर्फाची यंत्रं दुरुस्त करायची शेड आहे. पार जयगडपासून मासळीवाल्यांचे फोन येतात. निमंत्रणपत्रिकेत ह्याला 'जिद्दीने गाठलेलं शिखर' म्हटलं होतं. त्या शिखरावर हात कायम काळे असतात, हे छापायचं राहून गेलं.

मी बारावी सायन्सची परीक्षा दिली ते साल नव्याण्णव. तेव्हा करिअर हा शब्द आमच्या वाडीत पोचला नव्हता. 'लाइन' म्हणत. 'पोरगी कुठल्या लाइनला घालणार?' हा प्रश्न वडिलांना बाजारात, एसटी स्टँडवर, न्हाव्याकडे कुठेही विचारला जाई, आणि विचारणाऱ्याजवळ उत्तरही तयार असे. सल्ला देणाऱ्याची स्वतःची पोरं काय करतात हे मात्र विचारायचं नाही. ती बहुधा त्याच वेळी पानाच्या गादीवर उभी असत.

वडील सरकारी कचेरीत कारकून. त्यांच्या मते जगात एकच लाइन होती, डी.एड. दोन वर्षं काढायची, प्राथमिक शाळेत चिकटायचं, की मरेपर्यंत पगार आणि मेल्यावर पेन्शन. एखाद्या बाईने मंडणगडच्या डोंगरात एकशिक्षकी शाळेवर जन्म काढावा, ह्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. 'हवा चांगली आहे तिथली,' म्हणायचे.

मे महिन्यात मुंबईहून मोठे काका आले. ते एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे आणि दरवर्षी आंब्याच्या पेट्यांच्या बदल्यात आम्हाला शहाणपण देऊन जायचे. त्या वर्षीचं शहाणपण होतं कॉम्प्युटर. 'इथून पुढे सगळं कॉम्प्युटरवर. हिला मुंबईला पाठव, कोर्सला घालतो.' त्यांनी स्वतः कॉम्प्युटर एकदाच पाहिला होता, साहेबाच्या केबिनमध्ये, चपला बाहेर काढून. त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. तरी त्याच्याविषयी ते असं बोलत, जणू तो त्यांच्या मांडीवर वाढला असावा.

मला काय हवंय, हे मी एकदाच बोलले. आमचा सेकंडहँड फ्रिज त्याच मे महिन्यात बंद पडला होता. मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणत आठवडाभर आला नाही, तेव्हा मी प्लग काढून फ्रिजमागची जाळी घासली, धूळ काढली, एक तुटकी वायर जोडली, आणि फ्रिज सुरू झाला. त्या घरघरीने मला जो आनंद झाला तो फिजिक्सच्या एकाही धड्याने दिला नव्हता. म्हणून जेवताना म्हटलं, 'मला आयटीआयला जायचंय. फ्रिज आणि एसीच्या ट्रेडला.'

काका ठसका लागेपर्यंत हसले. 'मग नवऱ्याने काय करायचं गो? फ्रिजात बसायचं?'

'काका, तुमच्या साहेबाच्या कॉम्प्युटरला एसी लागतो ना? तो बिघडला तर कोण नीट करतं?'

'ते आमचं काम नाय,' काका म्हणाले, आणि विषय संपला. वडिलांनी तर मी बोललेच नाही असं धरून आमटी मागितली. आईने ती लगेच वाढली, वर भातही घातला. मला त्या क्षणी सर्वांत जास्त राग तिचा आला.

डी.एड. की कॉम्प्युटर, ह्यावर दोन भावांचं जमेना. निकाल अजून लागायचा होता, मी नापास होण्याची सोय अजून शिल्लक होती, पण घरात पातेली आपटली जाऊ लागली. शेवटी आमच्याकडे जमिनीच्या बांधापासून लग्नापर्यंत सगळ्याला जो उपाय करतात, तोच करायचं ठरलं. ग्रामदेवतेला कौल लावायचा.

आमच्या देवळात गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पिढ्यान्‌पिढ्या देवाला गुरं सापडतील का, विहिरीला पाणी लागेल का, असं विचारलं गेलं होतं. आता त्याच्यापुढे अभ्यासक्रम आले.

'बा देवा म्हाराजा,' गुरवाने सुरुवात केली, 'हे तुजं लेकरू आज तुज्या पायाशी आलंय. त्येच्या पोरीला डीएडला घालायचा इचार हाय. तुजी मर्जी असंल तर उजवा दे.'

'व्हय म्हाराजा,' आम्ही सगळे म्हणालो.

डावी कळी पडली. काका खाकरले आणि पुढे सरकले. आता कॉम्प्युटरसाठी गाऱ्हाणं झालं. पुन्हा डावी. देवाला दोन्ही लाइनी पसंत नव्हत्या, आणि मला त्या देवाबद्दल प्रथमच आपुलकी वाटली.

पण काका मुंबईत राहिलेले. नकार ऐकून परत फिरणं त्यांच्या अंगवळणी नव्हतं. म्हणाले, 'प्रश्न नीट घातला नाय. मुंबईला नेऊन, काकाच्या घरी ठेवून, असं म्हण.' गुरवाने तसं म्हटलं. डावी. मग, 'अनुदानित संस्थेतला कोर्स, असं म्हण.' ह्या खेपेला उजवी पडली. काका जिंकले. तोवर वडिलांनाही शहाणपण सुचलं होतं. त्यांनी डी.एड.ला 'जिल्ह्याबाहेर नाही' अशी अट जोडून पुन्हा विचारलं, आणि उजवा घेतला. देवाने दोन्ही लाइनींना ना हरकत दिली आणि भाऊ होते तिथेच परत आले. घरी येताना दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्यांच्यामागून चालत होते आणि मला रडू येत होतं. एवढ्या वेळात माझ्या मनातला प्रश्न कुणी घातलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नारळ घेऊन एकटीच देवळात गेली. परत आली तेव्हा दोघे भाऊ पडवीत चहा पीत होते. ती दारात उभी राहून म्हणाली, 'भाऊजी, अहो, तुमीपण ऐका. मी कौल लावून आले. पोरीला आयटीआयला घालू का, असं इचारलं. देवानं उजवा दिला. पयल्याच झटक्यात.'

दोघांनी आपापला कौल मिनतवारीने, अटी घालून मिळवला होता. पहिल्याच झटक्यात मिळालेल्या उजव्यापुढे काय बोलणार? काकांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, 'बघा बाबा.' मी आयटीआयला गेले. वर्गात मी एकटी मुलगी. आता काका दर उन्हाळ्यात मुंबईहून फोन करतात की फ्रिज गार करत नाही. मी म्हणते, मागची जाळी पुसा.

शिबिराच्या सकाळी भाषण सुचत नव्हतं म्हणून मी आईला म्हटलं, 'देवाच्या कौलाची गोष्टच सांगते मुलांना.'

आई भाकरी थापत होती. 'नको सांगू,' म्हणाली. 'डावा पडला होता.'

मला वाटलं ती थट्टा करतेय.

'डावाच. भाऊजींनी इचारून इचारून बदलून घेतला. मी म्हटलं, देवा, तू कालचा दमलायस, मी परत नाय इचारत. नि घरी येऊन उजवा सांगितला.'

'आणि गुरव? त्याने पाहिलं की.'

'नारळ घेतला त्यानं. गप बसला.'

'तुला भीती नाही वाटली?'

'नाय कशी? रोज दिवा लावताना वाटायची. तुला कुठं शॉक लागला, भाजलं, तर देव तुला नाय, मला इचारणार होता.' तिने भाकरी उलटली. 'एवढी वर्षं कायच झालं नाय. आता मला वाटतं तोपण चुकला आसल.'

त्या दिवशी माझं भाषण फार वाईट झालं. माझ्याआधी दोन पाहुण्यांनी चिकाटी, ध्येय आणि इंग्रजी ह्यांवर बोलून पोरांना निजवलं होतं. शेवटी मुख्याध्यापकांनी माईक माझ्यापुढे धरला आणि पालकांसाठी एक संदेश मागितला. माझ्याबरोबर आलेली आई पालकांत पुढच्या बाकावर होती. तिच्या मागे तोच गुरव, नातू दहावीला म्हणून आलेला, आता पार पिकला होता. आई सांगू नको म्हणाली होती, पण माझ्याने राहवलं नाही.

मी म्हटलं, 'पोरांसाठी कौल डावा पडला तरी घरी येऊन उजवा सांगा.'

मुख्याध्यापक कसनुसं हसले. आईने पदर तोंडाला लावला. आणि तिच्या मागून म्हातारा गुरव सवयीने, पण चांगला मोठ्याने म्हणाला, 'व्हय म्हाराजा.'