आचलचं कॅबिनेट अन् चिमूटभर कापूस

आचलबद्दल माहा पहिला अंदाज साफ चुकला होता, हे मी आधीच कबूल करून टाकते. हासूही येऊन राह्यलं, कारण चुकली तं चुकली, वरून साऱ्या अल्लीपुरात सांगत फिरली. मले वाटलं होतं, ही पोट्टी लय नखऱ्याची हाये. कम्प्युटरचा एक रिकामा लोखंडी डब्बा घ्याचा, अन् त्याच्यासाठी तीन हप्ते मोजमाप! खिडकीपासून मोजे, टेबलाखालून मोजे, वहीत लिहे, खोडे, पुन्हा मोजे. मी विरजण मागायले गेली का हे चालूच. एक दिवस मी म्हटलं, "आचल, रिकाम्या डब्ब्याले तुले तीन हप्ते लागून राह्यले, तं नवरा पाहाले बारा वर्षं लागन वं."

ती टेपवरून नजर न काढता म्हणे, "नवऱ्यात ग्राफिक कार्ड बसवाचं नाई, काकू. डब्ब्यात बसवाचं हाये."

पाहा, काकूले असं बोलते! पण माही लाडाची हाये, म्हून खपते.

आचल म्हणजे आमच्या भिंतीले भिंत लागून राहणाऱ्या रूपरावभाऊजींची पोट्टी. चोवीस वर्षांची, अंगानं काडी, आवाज मऊ, पण एकदा ठरवलं का मंग रस्त्यात बैल उभा असला तं तोच बाजूले सरन. वर्ध्याच्या कॉलेजात शिकली. तिचं काम काय हाये, हे समजायलेच मले वर्ष लागलं. नागपुरात घरांचे नकाशे काढणारं एक ऑफिस हाये. ते हिले नकाशा पाठवते, अन् ही कम्प्युटरवर त्याचं असं चित्र बनवते का न बांधलेलं घर बांधल्यावाणी दिसते. अंगणात ऊन पडलेलं, भिंतीवर झाडाची सावली, ओट्यावर चहाचा कपसुद्धा. मी एकदा विचारलं, "हे कोणाचं घर वं? मस्त हाये."

"अजून कोणाचंच नाई, काकू. तिथं सध्या बाभळी हाये."

असं एक चित्र पुरं कराले कम्प्युटर दोन-दोन तास राबते अन् तव्यावाणी तापते. आता आमच्याकडचा मे महिना तुमाले माहीत हाये. अन् त्यात रूपरावभाऊजींचं घर! मधल्या खोलीत दिवाळीपासून कापूस भरलेला, पार छताले टेकलेला. भाव चढन म्हून थांबणं आमच्याकडे घरोघरी चालते. कोणी संक्रांतीपर्यंत थांबते, कोणी होळीपर्यंत. भाऊजी मे उतरेपर्यंत थांबते. कापसाची खोली अन् आचलची खोली, मधात फक्त एक पडदा.

मागच्या मे महिन्यात तिचा जुना कम्प्युटर दुपारचा तापून बंद पडू लागला. भाऊजींले दया आली. माणसाले गरम झालं तं कूलर लावतो, मंग मशीनले काऊन नाई? म्हून त्यायनं घरातला मोठा कूलर ओढत आणला अन् थेट कम्प्युटरच्या तोंडासमोर मांडला. पोरीवर माया, दुसरं काय! पण कूलरची हवा ओली, अन् घरभर उडे कापसाचा तंतू. आठ दिवसांत तो ओला तंतू आतल्या पंख्यांवर थरावर थर बसला. मशीन बंद पडली ती पडलीच. आचलनं डब्बा उघडला तवा मी तिथंच होती. आतून बोटानं तिनं जे ओढून काढलं, त्यात एका बाळाचं दुपटं भरून झालं असतं. मी खो-खो हासली. ती नाई हासली. चार चित्रं राह्यली होती, अन् नागपूरच्या ऑफिसातल्या सपना मॅडमचा फोन तेवढ्यातच आला.

"आचल, काम तुझं चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "पण पुन्हा असं झालं तर तुला इथे ऑफिसमध्ये येऊन बसावं लागेल, नाहीतर मी दुसरं कोणी बघेन. पुढच्या मेमध्ये मोठं काम आहे. बारा चित्रं, पंधरा तारखेच्या आत."

साऱ्यायनं तिले समजावलं. छाया, तिची माय, म्हणे, "जा न बाई नागपूरले, तिथं एसी हाये." मीही म्हटलं. आचलनं साऱ्यायचं ऐकून घेतलं अन् म्हणे, "उन्हाच्या भेवानं मी गाव सोडू काय? कापूस या घरातच राहीन, माही मशीनही या घरातच राहीन, अन् चालन."

वर्षभर तिनं एक-एक पार्ट जमवला. चित्रं बनवाचं सारं काम ज्याच्यावर चालते, ते नवं ग्राफिक कार्ड आलं. मनगटापासून कोपराच्याही पुढं जाईन एवढं लांब, तीन पंख्यांचं. सारं झालं अन् राह्यला तो डब्बा. दुकानात त्याले कॅबिनेट म्हणते. त्याच्यावरच तीन हप्ते मोजमाप चाललं होतं, अन् मी नखरे समजत होती.

मार्चातल्या एका सकाळी ती वर्ध्याले निघाली. माह्या चष्म्याची दांडी तुटली होती, म्हून मीही तिच्या संगं एसटीत बसली. पाहाते तं पोरीच्या मांडीवर चिकटपट्टी लावलेला एक लांबट पुठ्ठ्याचा ठोकळा, अन् पिशवीत मूठभर कापूस.

"देवळात चालली का वं, वाती वळाले?"

"दुकानात चालली."

"अन् हा पुठ्ठा?"

"हे माहं कार्ड. खरं कार्ड घेऊन एसटीत कोण धक्के खाईन? म्हून त्याच मापाचं केलं. तेहतीस सेंटीमीटर, एक सूत कमी नाई."

मागच्या सीटवरची बाई मले हळूच विचारते, "पोरीचं बरं हाये न?" मी म्हटलं, "बरंच तं हाये, तेच त्रासाचं हाये."

दुकान प्रफुलचं. तीस-बत्तीसचा, बोलायले गोड. त्यानं आमाले बसवलं, पाणी दिलं, अन् सगळ्यात पुढं मांडलेलं कॅबिनेट चालू करून दाखवलं. समोर काच, बाजूले काच, आतल्या पंख्यांवर सात रंगांचे लाइट फिरून राह्यले. माहं तं तोंडच उघडं राह्यलं. "आचल, हेच घे वं! महालक्ष्म्यांच्या सजावटीत ठेवता येईन."

आचलनं पिशवीतून चिमूटभर कापूस काढला, सरकी बाजूले केली, बोटानं पिंजला अन् त्या काचेसमोर धरला. कापूस जागचा हालला नाई. मंग काचेच्या कडेले बोटभर फट होती, तिथं धरला. तवा जराक हालला, आळसावल्यावाणी.

प्रफुल पाहातच राह्यला. "ताई, हे काय चालू हाये?"

"हवा कुठून येते ते पाहून राह्यली. एवढ्याच फटीतून येते?"

"येते न. साऱ्यायले पुरते."

"एसीत बसणाऱ्यायले पुरत असन."

दुसरं काढलं. त्याले समोर जाळी होती. कापूस झटक्यात जाऊन चिकटला. आचलनं पुठ्ठ्याचा ठोकळा आत घातला, तं समोरच्या पंख्यांले अडला. प्रफुल म्हणे, "थोडंसं तिरपं करून पाहा न."

"कार्ड तिरपं बसत नसते, दादा."

"वं पोट्टी," मी म्हटलं, "ब्लाउजचं कापड घेतानाही मी एवढी कटकट करत नाई."

"म्हून तं काखेत कसते तुले," ती म्हणे. प्रफुलनं तोंड फिरवलं. हासत होता मेला.

मंग तिचं बोट वर गेलं. पार वरच्या फळीवर एक मोठं खोकं होतं, धूळ खात पडलेलं. "ते काढा."

"ते? ताई, दोन वर्षं झाले, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहात नाई. लाइट नाई, काही नाई."

"काढा तं खरं."

निघालं ते काळंकुट्ट, धिप्पाड. समोर वरपासून खालपर्यंत नुसती जाळी. प्रफुलनं पंखे जोडून दिले. आचलनं कापूस समोर नेला, अन् तो तिच्या चिमटीतून सुटून सटकन् जाळीवर जाऊन बसला. पुठ्ठा आत घातला, वरून दोन बोटं जागा उरली. मी म्हटलं, चला, सुटलो.

पण आता प्रफुलच अडला. आतापर्यंत तो माल विकत होता, आता खरंच समजावून सांगू लागला. "ताई, ऐका माहं. एवढी जाळी हाये तं कचराही तेवढाच ओढन. तुमी म्हणता घरात कापूस भरला हाये. अशा घराले बंद डब्बाच पाह्यजे."

मले ते एकदम पटलं. आचल टेप नुसती उघडे अन् मिटे. मी तिचं तोंड पाहात होती. मे दीड महिन्यावर आला होता, अन् हे चुकलं असतं तं नागपूरची खोली ठरलेली होती.

"माहा जुना डब्बा बंदच होता, दादा," ती हळूहळू म्हणे. "कचरा तरी आत गेलाच. फक्त दिसत नव्हता. कापूस घरात हाये तं येईनच तो. मले त्याले बाहेर अडवाचं हाये, डोळ्यासमोर. तीन पंखे समोरून हवा आत ओढन, मागून एकच बाहेर टाकन. आत हवा जास्त झाली का मंग फटीफटीतून बाहेरच निघन, आत काही ओढल्या जाणार नाई. यायले एकच दार, अन् त्या दाराले जाळी."

मंग माह्याकडे वळली. "काकू, तुह्या बोटांत वात हाये न? ही समोरची जाळी काढ बरं."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"नाई समजत म्हूनच सांगून राह्यली."

मी भीत-भीत खालून धरून ओढली, तं अख्खी जाळी माह्या हातात आली. "अवं माय! मोडली!"

"नाई मोडली. तशीच निघते." पोट्टीचे डोळे चमकले. "दादा, त्या काचेच्या डब्ब्याची जाळी कुठं हाये?"

"खालून... मशीन आडवी करावी लागते."

"वीस किलोची मशीन मी रोज आडवी करू? हेच बांधून द्या."

परतीच्या एसटीत ते खोकं आमच्या दोघींपेक्षा जास्त जागा खाऊन बसलं. कंडक्टर विचारे, "काय हाये यात?" मी म्हटलं, "जावई हाये, सांभाळून."

घरी आणलं तं भाऊजींचं तोंड उतरलं. "एवढे दिवस पाह्यलं, अन् हे आणलं? काळं?" आचलनं अंगणातल्या बाजेवर चादर टाकली, पेचकस घेतला, अन् एका दिवसात सारी मशीन एकटीनं जोडली. वायर अशा बांधल्या का वेणी घातल्यावाणी.

मे लागला. तीन तारखेपासून चित्रं सुरू झाली. रोज सकाळी आचल जाळी काढे, अंगणात झटके, नळाखाली धुवे. आमच्या उन्हात पाच मिनिटांत खडखडीत वाळे. जाळीवर रोज पांढरी साय धरलेली राहे. तवा माह्या डोक्यात उजेड पडला का मागच्या वर्षी हेच सारं त्या मशीनच्या पोटात जात होतं. कूलरचं तोंड तिनं माणसायकडे करून ठेवलं होतं, अन् बापाले सांगतलं होतं, हात लावाचा नाई.

अकरावं चित्र चालू होतं त्या दिवशी पारा सेहेचाळीसवर होता. दुपारी तीनला वावटळ उठली, मधला पडदा उडाला, अन् कापसाच्या खोलीतून पांढरं धुकं आल्यावाणी तंतू आत आला. मशीनचे पंखे घोंगावू लागले. स्क्रीनच्या कोपऱ्यात गरमीचा आकडा असते. बहात्तर होता, अठ्ठ्याहत्तर झाला, मंग ब्याऐंशी. मागच्या वर्षी याच वेळेले बंद पडत होती. भाऊजींचा हात कूलरकडे गेला.

"बाबा, नको."

"अवं, पण बंद पडन न!"

"नाई पडत." ती उठली. चालू मशीनची जाळी एका ओढीत काढली, दारात जाऊन दोनदा झटकली, आणून दाबून बसवली. कट्ट असा आवाज आला. मंग आमी तिघंही उभ्यानंच आकडा पाहात राह्यलो. ब्याऐंशी. ब्याऐंशी. ऐंशी. शहात्तर. बहात्तर. भाऊजींनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आचल खुर्चीवर बसली अन् कामाले लागली, काही झालंच नाई असं.

चौदा तारखेले बारावं चित्र गेलं. सपना मॅडमचा मेसेज आला, तो तिनं मले वाचून दाखवला: "सगळी मिळाली. छान. जूनचं काम पण तुझ्याकडेच. तिथूनच कर." वाचून झाल्यावर तिनं मोबाइल पालथा ठेवला अन् जाळी धुवाले गेली. एवढंच.

आता मी हारली, हे मले मान्य हाये. पण सारंच कसं मान्य कराचं? दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेली तं मशीन घों-घों चालू. मी दारातूनच म्हटलं, "सारं ठीक हाये वं तुह्या डब्ब्याचं, पण आवाज! पिठाच्या गिरणीत आल्यावाणी वाटते."

"एवढा नाई, काकू."

"एवढाच हाये! या खोलीत माणूस झोपू शकते का?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात चटईवर भाऊजी तोंडावर दुपट्टा घेऊन घोरून राह्यले होते.

"ते थकले हाये," मी म्हटलं. "थकलेला माणूस गिरणीतही झोपते."

"मशीन सकाळपासून चालू हाये. बाबा दीड तासापासून झोपून हाये. एकदाही कूस बदलली नाई."

"अवं, मी काय बहिरी हाये? मी सांगून राह्यली न तुले, का आवाज हाये म्हणजे हाये! ते प्रफुलचं काचेचं घेतलं असतं तं—"

दुपट्टा बाजूले झाला. भाऊजी दचकून उठून बसले, डोळे लाल. "काय झालं? कोण आलं?"

"कोणी नाई, बाबा," आचल एकदम गरीब आवाजात म्हणे. "मशीनचा आवाज होते म्हणते काकू. बंद करू का?"

भाऊजींनं मशीनकडे पाह्यलं, मंग माह्याकडे पाह्यलं, अन् पुन्हा आडवे झाले. "मशीन राहू दे," दुपट्ट्याखालून आवाज आला. "वहिनीले बंद कर."