हुरड्याचा खुलासा

लातूरच्या एमआयडीसीत माझी एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. डाळमिलच्या मशीनला लागणाऱ्या चाळण्या आम्ही बनवतो. डायरेक्टर दोन, मी आणि बायको. कामाला नऊ माणसं. आमची बोर्ड मीटिंग बहुतेक वेळा स्वयंपाकघरात भरते आणि तिथे माझा ठराव क्वचितच मंजूर होतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, नवी तूर बाजारात यायच्या आधी, डाळमिलवाल्यांनी आमच्या मागे नुसती घाई लावली होती. महिनाभर आमच्या माणसांनी रविवार पाहिला नाही. शेवटचा टेम्पो धर्माबादला निघाला तेव्हा आमचे मिस्त्री हात पुसत माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कंपनी सुरू झाली त्या दिवसापासून ते माझ्याकडे आहेत आणि जे बोलायचं ते तोंडावर बोलतात.

"मालक, लई झालं काम. माणसं पार पिळून निघाली. माझ्या रानात हुरडा आलाय. सगळ्यांना घेऊन चला एक दिवस."

"चला की. पण खर्च कंपनीचा."

"हुरड्याचा कसला आलाय खर्च? ते माझ्याकडं लागलं," मिस्त्री म्हणाले. "बोकड तेवढा कंपनीचा करा."

रात्री जेवताना मी हे बायकोला सांगितलं. ती खूश झाली आणि लगेच म्हणाली, "बरं झालं, ताई आणि भावजी पुण्याहून याच आठवड्यात येणारेत. त्यांनाही नेऊ."

भावजी म्हणजे माझे साडू. बोलावलं दोघांना की येतात दहाबारा, हा त्यांचा नियम. त्या वेळी अकरा आले. त्यात साडूंचे व्याही होते, व्याह्यांचे शेजारी होते आणि एक बाई अशा होत्या की त्या कोणाच्या, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मिस्त्रींचं रान देवणीच्या अलीकडे. आम्ही पोचलो तोवर त्यांनी आगटी पेटवून गोवऱ्यांचा छान विस्तव केला होता. कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची आणि हिरवे दाणे समोरच्याच्या ताटात टाकायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, गाडग्यातलं दही. आमच्या नऊ माणसांची बायकापोरं आली होती. स्टोअर बघणाऱ्या निलंग्याच्या बाई एरवी एक नटबोल्ट द्यायचा तरी सही घेतात, त्या दिवशी बोरं गोळा करत बांधावरून हिंडत होत्या.

साडू मात्र रुंद काठाची गवती टोपी आणि काळा गॉगल घालून आले होते. आल्याबरोबर त्यांनी मिस्त्रींच्या हातातून गोफण घेतली आणि पाखरं कशी हाकायची यावर मिस्त्रींनाच भाषण दिलं. मग फोटो काढायला सांगून गोफण गरगर फिरवली. दगड पुढे जायच्याऐवजी मागे गेला आणि दह्याच्या गाडग्यावर बसला. मिस्त्रींची बायको तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

दुपारी बोकडाचं जेवण झालं. निघताना सगळ्यांचा एक फोटो काढला. साडू आपणहून मधोमध जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना हुरड्याचे पैसे देऊ केले तर ते रागावले. शेवटी, चाळीस माणसं आणताना मला लाज वाटली नाही, निदान फुकट खाल्ल्याची लाज तरी राहू नये, असं सांगून मी पाकीट त्यांच्या खिशात कोंबलं. त्यांनी वहीच्या कागदावर पावती लिहून दिली. बोकडवाल्याने अंगठा उठवला. टेम्पोचं आणि किराण्याचं रीतसर बिल होतं. हे सगळं मी स्वतःच कॉम्प्युटरवर चढवलं. कॉम्प्युटरने वस्तू, नग आणि वजन विचारलं, तसं मी भरत गेलो. वस्तू हुरडा, वस्तू बोकड, नग एक. सगळं गेलं मालखरेदीच्या खात्यात, चाळणीच्या पत्र्याच्या खालोखाल.

आमचे हिशेब नांदेडला एक सीए बघते. माझ्या कॉलेजच्या दोस्ताची मुलगी, मला काका म्हणते. रिटर्न भरायच्या वेळी कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. तिने पावत्या उलटसुलट केल्या.

"काका, स्टाफला पार्टी दिली, तर तो कंपनीचा खर्च धरता येतो. त्यात काही वावगं नाही. फक्त जेवणावरचा जीएसटी परत मागायचा नाही. आणि ती पार्टी खरोखर स्टाफची पाहिजे."

"स्टाफचीच."

"सगळी कंपनीचीच माणसं होती ना?"

"सगळी अगदी घरच्यासारखी," मी म्हणालो.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. हे मी खोटं बोललो नव्हतो. अकरा माणसं तर शंभर टक्के घरची होती. तिने आणखी काही विचारलं नाही आणि मी चहा लवकर संपवून उठलो.

पुढच्या वर्षी आयकरवाल्यांची नोटीस आली. हल्ली साहेबाला भेटणं वगैरे नसतं. तो देशात कुठे बसलाय तेही कळत नाही. त्याने पोर्टलवर प्रश्न टाकायचे, आपण पोर्टलवर उत्तरं टाकायची. मी सकाळच्या एसटीने नांदेड गाठलं.

सीएने इंग्रजीतले प्रश्न मला मराठीत करून सांगितले. पहिल्या दोन-तीन प्रश्नांत काही विशेष नव्हतं. मग ती थांबली, ओठ दाबून धरले आणि वाचायला लागली.

"कंपनी चाळण्या बनवत असताना अपक्व ज्वारी खरेदी करण्याचं प्रयोजन काय? सदर ज्वारी कोणत्या उत्पादनात वापरली? वर्षअखेरच्या शिल्लक मालात ती का दिसत नाही?"

"अपक्व ज्वारी?"

"तुम्ही नुसतं हुरडा लिहिलं होतं, काका. साहेब मराठी मुलखातले दिसत नाहीत. त्यांनी कुठेतरी अर्थ शोधलाय."

"बरं, पुढे?"

"बोकड, नग एक. ही मालमत्ता सध्या कंपनीच्या ताब्यात आहे काय?"

मी म्हणालो, "दुपारी दोनपर्यंतसुद्धा नव्हती."

मग मात्र ती हसली. तिच्या ऑफिसातली बाकीची माणसंही मान खाली घालून हसत होती. साहेबाची काही चूक नव्हती. मालखरेदीत बोकड मीच बांधला होता. साहेब बिचारा तो शोधत होता.

आम्ही दोघांनी बसून खुलासा लिहिला. हुरडा म्हणजे ज्वारीचा कोवळा दाणा, तो भाजून खातात, हिवाळ्यात मराठवाड्यात माणसांना रानात बोलावून असा पाहुणचार करण्याची रीत आहे, कंपनीने जादा काम केलेल्या कामगारांसाठी हा कार्यक्रम ठेवला, नोंद चुकून मालखरेदीत झाली, ती कर्मचारी कल्याणात धरावी. बोकड त्याच कार्यक्रमात संपला. पुरावा म्हणून पावत्या जोडल्या.

"एखादा फोटो आहे का?" तिने विचारलं.

मी मोबाईल पुढे केला. सगळे हसताहेत, मागे ज्वारी उभी आहे. असला पुरावा कुठल्या कंपनीकडे असेल? फोटो गेला.

लातूरला परतल्यावर मिस्त्रींना हा सगळा किस्सा सांगितला. मला वाटलं हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

"अपक्व? कोण म्हणतं अपक्व? दाणा कसा गच्च भरला होता, मालक! त्या साहेबाला म्हणावं, एकदा येऊन खाऊन जा. मंग लिही काय लिहायचं ते."

त्यांची समजूत काढायला मला अर्धा दिवस लागला.

तीन आठवड्यांनी सीएचा फोन आला. आवाजात हसू होतं, पण थोडी जरबही होती.

"काका, हुरड्याचं साहेबांना पटलं. पण त्यांनी फोटो मोठा करून पाहिलेला दिसतोय. पगारपत्रकावर नऊ माणसं आहेत. बायकामुलं धरूनही फोटोतल्या डोक्यांचा मेळ लागत नाही. आणि खास विचारलंय, मध्यभागी टोपी घातलेल्या व्यक्तीचं कंपनीतलं पद काय?"

मी जरा विचार केला. "सल्लागार लिहिलं तर?"

"सल्लागार? मग नेमणुकीचं पत्र पाहिजे, फी दिल्याची नोंद पाहिजे, त्यावर कापलेला टीडीएस पाहिजे. देऊ शकता?"

फोन स्पीकरवर होता. शेजारी भाजी निवडत बसलेल्या दुसऱ्या डायरेक्टर तिथूनच बोलल्या, "भावजी वीस वर्षं सल्ला देताहेत. आपण एक तरी ऐकलाय का? आणि हे बघ बाई, तू यांचं काही ऐकू नकोस. ते आमचे पाहुणे होते, अकरा जण. मीच नेले होते. खरं काय ते लिहून टाक."

मग सीए म्हणाली, "काकू, हे मला दीड वर्षापूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं."

ते मलाच होतं. कान लाल झाले. कर वाचवल्याने किती वाचणार होतं? एका चाळणीचीही किंमत नव्हती. तेवढ्यासाठी त्या मुलीला मी अर्धवट बोललो होतो, आणि तिची सही त्या कागदांवर होती. मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या काका, पण आता मी सांगते तसं." मग पाहुण्यांच्या वाट्याचा खर्च वेगळा काढला, तो कंपनीचा नव्हता असं सरळ लिहिलं आणि त्यावरचा कर भरायला आम्ही तयार आहोत असं कळवलं. टोपीवाल्या गृहस्थांबद्दल तिने एकच ओळ घातली : संचालकांचे नातेवाईक, कंपनीत कोणतंही पद नाही.

पुढचे दिवस मी दंडाच्या धास्तीत काढले. मशीनचा आवाज बदलला तरी मला नोटीस आल्यासारखं वाटायचं. निकाल आला तो चार पानी होता. कामगारांवरचा खर्च मान्य, पाहुण्यांवरचा अमान्य, आपणहून सांगितल्याची नोंद घेतली आहे. दंड नव्हता. तेवढा कर आणि व्याज मी त्याच दिवशी भरून टाकलं. मिस्त्रींना निकालातला 'हुरडा' हा शब्द दाखवला. आता अपक्व वगैरे काही नव्हतं, नुसतं हुरडा. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि झेरॉक्स मागितली.

संध्याकाळी मी साडूंना फोन लावला. अकरा माणसांचा खर्च आता मी माझ्या खिशातून कंपनीला भरून दिला होता. निम्मा तरी त्यांनी द्यावा, असा माझा बेत होता. सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. ते एक शब्द न बोलता ऐकत होते, आणि मला वाटलं, माणूस ओशाळला.

"म्हणजे माझा फोटो सरकारी फाइलमध्ये गेला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि साहेबाने खास माझीच चौकशी केली?"

"तुमचीच."

"कोणता फोटो? तो गोफणीचा की शेवटचा?"

"शेवटचा."

"अरेरे," साडू म्हणाले, "गोफणीचा पाठवायचा होता हो. त्यात मी जास्त बारीक दिसतोय."

मग त्यांनी फोन आपल्या बायकोकडे दिला, मला तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि मागून व्याह्यांना हाका मारायला लागले. पैशांचं बोलायचं राहूनच गेलं.