डांगराचा पहिला काप

पालीच्या भामाबाईकडे एखादी नवी सून डांगर शिजवायला शिकायला आली, की भामाबाई आधी तिच्या हाताकडे बघायची. हातात लसूण नसला तर तिला तशीच माघारी धाडायची. डांगर म्हणजे तुमचा लाल भोपळा. लोक त्याला गरिबाची भाजी म्हणतात, पाहुणा आला की लपवतात, घरात पाणी ओतओतून त्याचा चिखल करतात आणि वर त्यालाच नावं ठेवतात. याचा भामाबाईला मनस्वी राग होता.

"पान्यात बुडिवल्यावर माणूस बी चव सोडल," ती म्हणायची. "ते तर बिचारं डांगर हाय."

तिची रीत साधी होती. करडईच्या तेलात आधी मेथीचे दाणे टाकायचे, ते तांबूस झाले की ठेचलेला लसूण, आणि लसणाचा वास सुटला की सालीसकट फोडी. आत पाण्याचा थेंब नाही. वर ताटली झाकायची आणि पाणी ठेवायचं ते त्या ताटलीत. डांगर स्वतःच्याच ओलाव्यात मऊ होतं. मग तिखट, मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि घरात असेल तर भाजलेल्या कारळाचा कूट. झालं. कुणी साल सोलताना दिसली की तिची धडगत नसायची. भामाबाई तिला असं काही बोलायची की ती बाई पुन्हा जन्मात साल सोलत नसे.

पण हे सगळं पुढचं काम. त्याआधी अख्खं डांगर चिरावं लागतं, आणि तिथं बाईचा हात चालत नाही. आपल्याकडे अख्ख्या डांगराला जीव मानतात. त्याला पहिला कोयता घरच्या पुरुषानं लावायचा, मग बाईनं पुढं हव्या तेवढ्या फोडी कराव्या. भामाबाईचा नवरा धोंडीराम हे काम मोठ्या ऐटीत करायचा. डांगर ओट्यावर मांडायचा, कोयत्याला पाणी लावायचा, डांगराला दोन थापट्या मारायचा आणि त्यालाच विचारायचा, "बोला पाटील, निघायचं का?" आतून भामाबाई ओरडायची, "अवो, चिरा की आता! चूल इझाया लागली." पदरात एकच लेक, गीता, ती आष्टीला दिलेली. घरात ही दोघंच. मग डांगराशी बोलणार नाही तर माणूस करणार काय?

गावात मोगलाई होती, म्हणजे निजामाचं राज्य. पाली बिंदुसरा नदीच्या काठी, बीडपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मानमोडीचा ताप आला त्या साली पाऊसही रुसला होता. रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, पण गोठ्यावर चढवलेली डांगराची वेल भामाबाईच्या खरकट्या पाण्यावर तगली. माणसं मात्र तगत नव्हती. सकाळी अंगण झाडणारी बाई संध्याकाळी गेलेली असायची. एखाद्या घरातून बाईचा हंबरडा उठला की लोक काय झालं हे विचारत नसत, कुणाच्या घरी एवढंच विचारत.

धोंडीरामालाही तापानं गाठलं. तो बेशुद्धीत बडबडला, बैलांना हाका मारल्या, मेलेल्या आईशी भांडला, आणि एका सकाळी ताप उतरला तसे त्यानं डोळे उघडले. भामाबाईनं देवापुढं ऊद जाळला. तिला वाटलं, सुटलो.

सुटली नव्हती. ताप गेला तो माणसाची चव घेऊन गेला. ज्वारीच्या कण्या दिल्या तर तो म्हणे, माती लागते. ताक दिलं तर म्हणे, माती लागते. दोन घोट गिळायचा आणि मान फिरवायचा. मूळचा हा धिप्पाड गडी, त्याच्या बरगड्या आता बाजेच्या दोरीसारख्या दिसू लागल्या. बीडचे हकीमसाहेब शेजारच्या गावी आले होते, तिथून त्यांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि भामाबाईला बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, माझी दवा संपली. आता खाणं हीच दवा. खाल्लं तर उठंल. न्हाई खाल्लं तर..." हकीम भला माणूस होता, पुढचं बोलला नाही.

आता धोंडीरामानं खावं, एवढ्या एका गोष्टीवर भामाबाईचा जीव टांगला. त्याला काय आवडतं याचा तिला विचार करावा लागला नाही. दुपारी तो झोपलेला बघून तिनं कोपऱ्यातलं डांगर उचललं आणि अंगणात आणलं. कोयता हातात घेतला आणि तिथंच अडली. चिरणार कोण?

शेजारच्या घरात आश्रुबा राहायचा, धोंडीरामाचा धाकटा चुलतभाऊ. दोन्ही घरांत फक्त एक बुटकी भिंत. भामाबाईनं त्याला हाक मारली. तो आला, डांगर बघितलं आणि घुटमळला.

"दादा हायत की घरात, वैनी."

"त्यांना बसवत न्हाई, भावजी. आन् आज पोटात काईतरी गेलंच पायजे. तुमी निस्ता कोयता लावा, पुढचं मी बघते."

आश्रुबानं मुकाट्यानं कोयता उचलला. खच्चकन आवाज झाला आणि डांगर दुभंगलं. भामाबाईनं त्या दिवशी जीव ओतून भाजी केली. फोडी अशा झाल्या की बोटानं दाबल्या तरी विरघळाव्यात. ताटली घेऊन ती बाजेपाशी गेली. धोंडीराम जागा होता, आढ्याकडं बघत होता.

"कुणी चिरलं?" त्यानं विचारलं.

"आश्रुबा भावजींनी."

"बरं केलं." तो हळूच म्हणाला. "आता त्यालाच सांगत जा."

आणि त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

भामाबाईच्या हातातली ताटली तशीच राहिली. घरचा पुरुष गेला की त्या घरातलं डांगर भाऊबंदातल्या माणसानं चिरायचं, ही गावची रीत होती. पालीत कुणालाही विचारा. भामाबाईनं हे लहानपणापासून पाहिलेलं. धोंडीरामानंही पाहिलेलं. तो आत पडून होता आणि बाहेर आपल्याच अंगणात आपल्याच डांगरावर दुसऱ्याचा कोयता पडल्याचा आवाज त्यानं ऐकला. नवरा जिवंत असताना तिनं त्याला जमेतून काढून टाकलं होतं. तसं तिच्या मनात नव्हतं, पण आवाज तर तोच होता.

त्या दिवसापासून तो कण्यांचं पाणीही नको म्हणू लागला.

भामाबाईनं हार मानली नाही. चिरलेल्या डांगराची एक खाप तिनं निखाऱ्यात भाजली, साल काळी झाल्यावर गर काढून मीठ-तिखट लावलं. त्यानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी गर कुस्करून दह्यात कालवला, वर लसणाची फोडणी ओतली. फोडणीचा चरचर आवाज मुद्दाम बाजेजवळ नेऊन केला. तो नुसता कुशीवर वळला. मग ठेवणीतला गूळ काढला, किसलेलं डांगर त्यात शिजवून पिठात मळलं आणि घारगे तळले. घारग्यांचा वास गल्लीभर गेला, पण बाजेपर्यंत काही पोचला नाही. उरलेलं ती भिंतीवरून आश्रुबाच्या घरी द्यायची. चौथ्या खेपेला आश्रुबाच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, वाडगं परत दिलं.

"नगा देऊ, जाऊबाई. यांच्या घशाखाली उतरत न्हाई. म्हनत्यात, म्या जित्या भावाचं डांगर चिरलं."

भामाबाई वाडगं घेऊन चुलीपुढं बसली आणि स्वतःवरच चिडली. तिला आश्रुबाचा राग येईना, बिचाऱ्याचं काय चुकलं? धोंडीरामाचा येत होता, पण झोपलेल्या, हाडं वर आलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? तिनं पदर तोंडात धरला आणि पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसले, गोठ्यापाशी गेली आणि वर बघितलं. वेल वाळली होती. वाळक्या पानांत एकच डांगर उरलं होतं.

आश्रुबानं ते काढून दिलं. कोयत्याकडं त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. भामाबाईनं डांगर धुतलं, पुसलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि नेऊन ठेवलं थेट धोंडीरामाच्या बाजेवर, त्याच्या हाताशी. शेजारी कोयता ठेवला.

"हे काय?" धोंडीराम म्हणाला.

"डांगर."

"ते दिसतंया. हितं कावून आनलं?"

"चिराया. घरच्या धन्यानं चिरायचं असतं."

"आश्रुबाला सांग."

"न्हाई सांगत. एकदा चुकले, पुन्ना न्हाई चुकायची. माझ्या घरचा धनी हितं पडलाय, भिताडापल्याड न्हाई."

"आगं, माझा हात उचलत न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. कुजू द्या. पर ते चिरल्याबिगर आज चूल पेटायची न्हाई, आन् मी बी काई खायची न्हाई."

असं म्हणून ती बाजेशेजारी खाली बसली. धोंडीरामानं डोळे मिटले. त्याला वाटलं, बसेल घटकाभर आणि जाईल उठून. पण ती दुपार झाली तरी बसून होती. शेजारून कौशल्याबाई भाकरी घेऊन आली, तिला तिनं हातानंच परत जा म्हणून खुणावलं. ऊन ओसरीवरून खाली सरकलं. भामाबाई एरवी तोंडानं फटकळ, पण आता ती एक शब्द बोलत नव्हती, आणि तेच धोंडीरामाला सोसेना. त्यानं डोळे किलकिले करून पाहिलं. तिचे ओठ कोरडे पडले होते. एवढे दिवस तिच्या तोंडाकडं त्यानं नीट पाहिलंच नव्हतं. आपल्याइतकीच तीही वाळली आहे, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"भामे," तो म्हणाला, "काईतरी खाऊन घे."

ती हलली नाही.

"लई हट्टी हायेस तू."

तिनं डांगर त्याच्या हाताशी आणखी जवळ सरकवलं.

"बसव मला," तो शेवटी म्हणाला.

तिनं त्याला पाठीमागून आधार देऊन बसवलं. एवढ्या धिप्पाड माणसाचं ओझं आता तिच्या एका खांद्यावर मावत होतं. तिनं कोयता त्याच्या मुठीत दिला आणि डांगर दोन्ही हातांनी धरलं. त्याचा हात इतका थरथरत होता की पातं डांगरावरून घसरलं. तो दम खात थांबला. पुन्हा टेकवलं आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. सालीत बोटाच्या पेराएवढी चीर पडली आणि आतलं केशरी दिसलं. कोयता तिथंच रुतून बसला. धोंडीराम घामानं निथळला.

"एवढंच झालं," तो ओशाळून म्हणाला.

"लई झालं," भामाबाई म्हणाली. "कोयता तुमचा लागला. आता बाकीचं मी बघते."

रुतलेल्या कोयत्यावर वरून दगड ठोकून तिनं डांगर फोडलं. चूल पेटवली. पोटात सकाळपासून अन्न नव्हतं, धुरानं डोळे चुरचुरत होते, लक्ष सगळं बाजेकडं. तेल, मेथी, लसूण, फोडी. आज वेगळं काही करायचं तिला सुचलंच नाही. शिजलं तसं ताटलीत घेतलं, जवळ गेली, एक फोड बोटांनी कुस्करली आणि त्याच्या ओठाला लावली.

त्यानं तोंड उघडलं. फोड आत गेली. तो चघळत राहिला, कपाळाला आठ्या घालून, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर माणूस कान देतो तसा. आता तो माती म्हणणार, भामाबाई मनात म्हणाली.

"अळनी हाय," धोंडीराम म्हणाला.

तिनं पटकन एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली. खरंच अळणी होती. उभ्या जन्मात जे झालं नाही ते आज झालं होतं, ती मीठ घालायचंच विसरली होती. आणि ते त्याला कळलं होतं. माती नव्हे, अळणी. भामाबाईच्या हातातली ताटली बाजेवर कलंडली आणि तिनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातली बैलं दचकून उभी राहिली.

भिंतीपलीकडं आश्रुबानं तो हंबरडा ऐकला. तो अनवाणी, बोडक्या डोक्यानं धावत आला, त्याच्यामागं कौशल्याबाई, त्यांच्यामागं गल्लीतली आणखी दोघंचौघं. दारातच आश्रुबाचे पाय थबकले. भामाबाई जमिनीवर बसून धाय मोकलून रडत होती आणि बाजेवर धोंडीराम उशाला टेकून, सांडलेली एक फोड चिमटीत धरून चघळत होता.

"दादा..." आश्रुबा म्हणाला.

"आरं, हिला काय झालं बघ की," धोंडीराम म्हणाला. "म्या निस्तं मीठ मागितलं."

भामाबाईला उठवेना. तिला रडताही येईना आणि हसताही. तेव्हा आश्रुबाच चुलीपाशी गेला, गाडग्यातलं मीठ त्यानं मुठीत घेतलं आणि चुलतभावाच्या ताटलीवर हलक्या हातानं सोडलं. धोंडीरामानं दुसरी फोड तोंडात टाकली.

"आजून थोडं," तो म्हणाला.