माझ्या भाडेकरणीचा वकील

नंदुरबारला मास्तरकी करत असताना मी घरमालक झालो. त्या घरात शिरणं मात्र मला कधी जमलं नाही.

घर स्टेशनाजवळ होतं. माझ्या मेव्हण्याचं म्हणणं, मिरचीचे व्यापारी गोदामासाठी अशा जागेच्या पायाच पडतात. मेव्हणा स्वतः आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिला होता, त्यामुळे जागांचं त्याला फार कळतं अशी माझी समजूत! मी घर घेतलं. आत जिजीबाई होत्या. पुढच्या खोलीत त्यांची फुटाण्यांची भट्टी होती, आणि जुन्या मालकाने 'मरेपर्यंत राहा' असं त्यांना चार लोकांत सांगितलेलं होतं. विकताना त्याने मला तेवढं सांगितलं नाही.

मी धुळ्याचे वकील गाठले. त्यांनी माझं ऐकून घेतलं, पान लावलं आणि जिजीबाईंना जागा सोडण्याची नोटीस धाडली.

चार दिवसांनी ती नोटीस घेऊन जिजीबाई माझ्याच ओट्यावर येऊन बसल्या.

"मास्तर, हाई जरा वाचीसन दखाडा."

मी चाचरत म्हणालो, की ही नोटीस माझीच आहे.

"मंग बरं शे," त्या म्हणाल्या. "तुम्हले वाचाले सोपी जाई."

त्यांचे सगळे कागद आजवर मीच वाचत आलो होतो. त्यामुळे मी खाली मान घालून, स्वतःची धमकी स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवली. त्यांना कळलं नाही तिथे अर्थही समजावून सांगितला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "आते याले जवाब लिखा."

"मी?"

"मंग मी आखो कोनाकडे जाऊ?"

मी दौत काढली. चार ओळी खरडून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं, पण नोटीस पुन्हा वाचताना माझ्यातला मास्तर जागा झाला. भाडं घेतलं होतं महिनाअखेरपर्यंतचं आणि जागा सोडायची महिन्याच्या मध्यावर! (भाडं घेणारा मीच.) अशी चूक चौथीतल्या मुलाने केली असती तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. मग लेखणी थांबेना. जुन्या मालकाचा शब्द आला, तो ऐकणाऱ्या चौघांची नावं आली.

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "कौलं गळतात, तेही लिहा."

मी म्हणालो, की मालकाने घर नुकतंच घेतलंय, त्याचीही काही बाजू असेल.

"मालकाचं मालक बघेल," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता जिजीबाईंचे आहात."

मी कौलं लिहिली. वर 'मालकाचा लोभ' असाही एक शब्दप्रयोग केला, आणि खरं सांगतो, तो मला फार आवडला. जिजीबाईंनी अंगठा उठवला आणि मला ओंजळभर गरम फुटाणे दिले.

पंधरवड्याने वकिलांनी मला धुळ्याला बोलावलं. त्यांच्यासमोर माझं अक्षर पडलेलं होतं. आमचा आजवरचा व्यवहार तोंडी, त्यामुळे त्यांनी ते ओळखलं नाही. मी उगाच हात खिशात घातले.

"मास्तर, विरुद्ध बाजूला कोणीतरी फार जाडा विद्वान उभा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नोटिशीतली चूक याने बरोबर पकडली. पुन्हा नोटीस देता येईल, पण हा तीही फाडेल. माझा सल्ला घ्याल तर बाईंना राहू द्या आणि मुकाट्याने कौलं बदला."

मी मान हलवली. उठणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. नंदुरबारात हा माणूस कोण आहे ते कळलं तर सांगा, म्हणाले. त्यांनाही तिकडे एक जागा घ्यायची होती आणि त्याचा सल्ला हवा होता.

"नोटिशीला उत्तर खुशाल त्याच्याकडून लिहून घ्या," मी म्हणालो. "पण जागा घेताना त्या गाढवाला काही विचारू नका."