कपाळावरचा भंडारा

देव आपलं ऐकतो असं मला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही त्याचं फारसं ऐकलं नाही. चौथीतून शाळा सोडली, पुढं फौजेत गेलो, एकाहत्तरची लढाई केली. कुणापुढं मान खाली घालायची नाही, एवढं एकच शिकलो. घरात खंडोबाचा टाक आहे, त्याची पूजा आमची मंडळी करते. दोन वर्षं झाली, तिला विसर पडतो. पोराचं नाव विसरली, माझं कधी आठवतं, कधी नाही. पण सकाळी टाक पुसायचा, फुलं वाहायची, हळदीचा भंडारा आधी आपल्या कपाळाला आणि मग माझ्या कपाळाला ओढायचा, हे मात्र चुकत नाही. आम्हाला गावी एकटं कसं ठेवायचं म्हणून मुलानं जपानात आणलं, इचिकावाला. टाकही पिशवीतून आला.

इथं कचऱ्याचे कडक नियम. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, वार ठरलेले. मुलगा म्हणाला, "अण्णा, निर्माल्य जळणाऱ्या पिशवीत टाकत जा." मी म्हणालो, "देवाची फुलं कचऱ्यात? मग मलाही घाल त्याच पिशवीत." तर म्हणतो, "तुम्ही मावायचे नाही. मोठ्या वस्तूसाठी आधी फोन करून दिवस घ्यावा लागतो." सून हसली. मला राग आला. निर्माल्य वाहत्या पाण्यातच जाणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. दहा मिनिटांवर नदी आहे. तिच्यात काही टाकायचं नाही, हे मला बजावून सांगितलेलं होतं.

थंडीचे दिवस होते. दोघं कामाला गेली, तशी मी पिशवी घेतली. हिला एकटी ठेवता येईना, म्हणून बरोबर घेतलं. मी कुठं आहे ते मुलाला फोनवर दिसतं, म्हणून फोन मुद्दाम घरी ठेवला. ही माझी अक्कल. नदीच्या बांधावरच्या बाकावर हिला बसवलं, "इथंच बस" म्हणालो आणि पायऱ्या उतरून गवतातून पाण्याकडं गेलो. गुडघा धरून वाकलो, फुलं सोडली, वर आलो तर बाक रिकामा.

आधी मी हाका मारल्या. मग बांधावरून एकीकडं पळालो, परत आलो, दुसरीकडं पळालो. सगळ्या म्हाताऱ्या बायका लांबून सारख्याच दिसत होत्या, कोट घातलेल्या, टोपी ओढलेल्या. जो तो माझ्याकडं बघून वाकायचा आणि पुढं जायचा. एकाला थांबवावं, हात जोडावेत, एवढंही मला जमेना. पाण्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

तेवढ्यात काठी टेकत एक उंच गोरा म्हातारा आला. त्यानं मला दोनदा इकडून तिकडं पळताना पाहिलं असावं. मी म्हणालो, "वाइफ. लॉस्ट." तेवढं इंग्रजी फौजेनं दिलं होतं. त्यानं खिशातून फोन काढला, त्यात बोलला, आणि फोन मराठीत बोलू लागला. बातम्या देतात तसं, "आपण कृपया शांत व्हावे." मी त्याला साहेब म्हणालो. तो म्हणाला, "साहेब नाही. शिपाई. ऑस्ट्रेलियाचा. रॉय." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "शिपाई. इंडिया." मग आम्ही दोघांनी बांध वाटून घेतला आणि शोधला. ती नव्हती.

रॉयनं खांबावरच्या भोंग्याकडं बोट केलं. गावात कुणी म्हातारं हरवलं की पोलिसांत सांगितल्यावर या भोंग्यांवरून वर्णन सांगतात. मी नको म्हणालो. माझ्या बायकोची दवंडी साऱ्या गावात पिटायची? मी शोधतो. तो फोनमध्ये हळूहळू बोलला. विसाव्या वर्षी सक्तीच्या फौजभरतीच्या चिठ्ठीत त्याचा वाढदिवस निघाला म्हणून त्याला व्हिएतनामच्या लढाईवर धाडलं. जंगलात तो सगळ्यात पुढं चालायचा. एकदा वाट चुकली आणि मागचा जोडीदार जखमी होऊन दिसेनासा झाला. वाट चुकलो हे वायरलेसवर सांगायची त्याला लाज वाटली. "मी एक तास एकटाच शोधला," फोन म्हणाला. "त्या जोडीदाराकडं तो एक तास नव्हता."

खाली रेल्वेच्या फाटकाची घंटा वाजू लागली. गाडी येत होती. मी त्याच्यापुढं हात जोडले आणि म्हणालो, "सांग. सगळ्यांना सांग."

चौकीतल्या पोलिसानं रॉयमार्फत वय विचारलं, उंची विचारली, मग कपडे. कोटाचा रंग कोणता? मला सांगता येईना. सून रोज तिला काहीतरी चढवते. सकाळी मीच हात धरून बाहेर काढलं होतं, पण तिच्याकडं पाहिलं नव्हतं. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला आणि पोलिसापुढं मी मुका. घाम पुसायला कपाळाला हात लावला, तर बोटं पिवळी झाली. मी ती बोटं पोलिसापुढं धरली. "हे. तिच्याही कपाळावर आहे."

भोंगा वाजला. भाषा मला कळत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी खंडोबाला म्हणालो, माझं काही चालत नाही, आता तू बघ.

वाट बघताना रॉय सांगत होता. लढाईहून परतला तर त्याच्या देशात कुणी चौकशी केली नाही. दारू लागली. जहाजावर वेल्डिंगचं काम करत इथं आला, इथंच लग्न केलं. बायकोला शेवटी असाच विसर पडला. "तिचं वर्णन भोंग्यावर इतक्यांदा आलं, की गल्लीला पाठ झालं होतं," म्हणाला आणि हसला. ती गेली, पण तिला फिरवायच्या वेळेला तो अजून बांधावर येतो. त्या दिवशीही म्हणूनच आला होता.

तासाभरानं चौकीचा फोन वाजला. फाटकापलीकडं पैसे टाकून कपडे धुवायचं दुकान आहे, तिथल्या उबेला ही बसली होती, गरगर फिरणारे कपडे बघत. फाटक तिनं कसं ओलांडलं, खंडोबाला ठाऊक. शेजारी एक बाई घड्या घालत होती. भोंगा ऐकून तिनं हिची टोपी जरा वर केली आणि पिवळं कपाळ पाहिलं.

मी धावत गेलो तर ही म्हणाली, "कुठं गेला होतात?"

संध्याकाळी मुलगा घरी आला. मीच म्हणालो, "माझं चुकलं रे." आता निर्माल्य रॉयच्या अंगणात जातं, त्याच्या बायकोनं लावलेल्या झाडाच्या बुडाशी. रोज त्याच्याही कपाळाला ही भंडारा ओढते, आणि तो उंच माणूस गुडघ्यापर्यंत वाकतो. आम्ही दोन शिपाई. तो जगला, परक्या मुलखात आला आणि त्या सकाळी बांधावर होता, हे कुणी जुळवलं ते मी विचारत नाही. नुसती मान खाली घालतो.

आणि रोज बाहेर पडताना तिच्याकडं नीट बघून घेतो. आज राखाडी कोट आहे, आत हिरवं लुगडं.